‘स्वच्छ डिझेल’ की करंटची गाडी? बेळगावच्या रस्त्यांचा हिशेब धरून सांगा

टिळकवाडीचा काका:
गाडी २०२१ची, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतली) डिझेल. घेताना शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, ‘काका, आता डिझेल पेट्रोलइतकंच स्वच्छ’. घर ते उद्यमबाग चार किलोमीटर, संध्याकाळी तेच परत. गेल्या दोन वर्षांत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, पिवळा दिवा पाच वेळा लागला. मेकॅनिक म्हणतो, गाडी तापतच नाही, काजळी जळणार कशी? हायवेला नेऊन आणा. म्हणून मी दिवा लागला की रविवारी हत्तरगी टोलनाक्यापर्यंत जातो आणि हात हलवत परत येतो. धूर स्वच्छ राहावा म्हणून डिझेल जाळत फिरायचं, हे कुठलं शहाणपण? मुलगा म्हणतो, विका आणि इलेक्ट्रिक घ्या. मला दोन्हीकडचं ऐकायचंय. जाहिरात नको, वापरणाऱ्यांनी बोला.

करंटवाला शहापूरकर:
मुलगा बरोबर बोलतोय. ‘स्वच्छ डिझेल’ हा शब्द कुणी रुजवला आठवा. फोक्सवॅगननं अमेरिकेत याच नावानं गाड्या विकल्या आणि सप्टेंबर २०१५मध्ये बिंग फुटलं. चाचणीच्या रोलरवर गाडी चढली की सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सोवळं नेसायचं. रस्त्यावर आली की काही मॉडेल्सचा नायट्रोजन ऑक्साइडचा धूर मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. ज्या शब्दाचा जन्मच असा, त्यावर विश्वास काय ठेवायचा?

उद्यमबागचा मिस्त्री:
शहापूरकर, चोरी केली एका कंपनीनं, फाशी सगळ्या इंजिनाला? बीएस-४मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळी चालायची, बीएस-६मध्ये साडेचार. नायट्रोजन ऑक्साइड २५० वरून ८० मिलिग्रॅम. पंपावरच्या डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं. आणि त्या घोटाळ्यानंतर कारला रस्त्यावर यंत्र लावून धूर मोजायची सक्ती आली, आपल्याकडे एप्रिल २०२३पासून. तेव्हा आजचं डिझेल स्वच्छ आहे ही थाप नाही. फक्त त्याला तापायला वेळ द्यावा लागतो. चूल पेटली नाही की धूर होणारच, त्यात चुलीचा काय दोष? काका, तुमची गाडी वाईट नाही, तुमचा रस्ता तिच्यासाठी आखूड आहे.

एक सूचना. ऑइलची डिपस्टिक बघा. काजळी जाळायचं काम अर्धवट राहिलं की जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. लोक खूश होतात, ‘ऑइल खातच नाही!’

चोर्ल्याचा वाटसरू:
मी रोज रात्री दोनला भाजी भरून पिकअप घेऊन चोर्ला घाटातून पणजीला जातोय. जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर. आमच्या गाडीला त्या दिव्याचा कधी त्रास नाही, कारण गाडी पळतीच की. हे करंटवाले कॅम्पात आईस्क्रीम खायला गाडी काढतात आणि आम्हाला शिकवायलेत. जुलैत वाटेतल्या कणकुंबीला चार दिवस लाईट नसती, झाड पडलं की रस्ता बंद. तिथं चार्जर शोधत बसू काय? टोमॅटो थांबतोय होय?

खानापूरचा:
वाटसरूचं लाईटचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण मला वेगळंच सांगायचंय. इलेक्ट्रिकवाले ‘आपल्याकडे पाण्यावरची वीज, शरावतीची, काळी नदीची, म्हणजे एकदम शुद्ध’ असं म्हणतात तेव्हा आमच्याकडं लोक गप्प होतात. काळीवरच्या धरणाखाली अख्खं सुपा गेलं, तालुक्याचं ठिकाण होतं ते. माणसं रामनगरला आणून बसवली. आजही अनमोडच्या वाटेनं जाताना कुणी म्हातारं माणूस भेटलं तर ते आधी धरणाखालच्या गावाचं नाव सांगतं, मग आत्ताच्या. त्या विजेचं बिल कुणीतरी आगाऊ भरलंय, एवढंच. गाडी कुठलीही घ्या.

निपाणीकरीण:
खानापूरच्यांचं वाचून थांबले थोडा वेळ. आता आकडे मांडते, चुकलं तर पकडा. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सवय आहे.

एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. काकांची गाडी लिटरला १८ देते असं धरू, म्हणजे किलोमीटरला १५० ग्रॅम. विहिरीतून तेल काढणं, शुद्ध करणं, टँकरनं आणणं धरलं तर १७५च्या आसपास. इलेक्ट्रिक गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. ग्रिडमध्ये कोळसा, कैगाची अणुवीज, पाणी, सौर, सगळं एकत्र मिसळतं. आपल्या घरात शरावतीचीच वीज येते असं कुणी म्हणू नये. देशाची सरासरी युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम. तारांतली आणि चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला १२५ पकडा. फरक पन्नास ग्रॅमचा. आता चाळीस युनिटची बॅटरी बनवतानाच अडीच-तीन टन कार्बन हवेत गेलेला असतो. तो फिटायला पन्नास-साठ हजार किलोमीटर पळावं लागेल.

काका दिवसाला आठ किलोमीटर चालवतात, वर्षाला तीन हजार धरा. त्यांना वीस वर्षं लागतील. वाटसरूंना, मोठी बॅटरी धरली तरी, दीड वर्षसुद्धा लागणार नाही.

म्हणजे या धाग्यात इलेक्ट्रिकची सगळ्यात जास्त गरज त्याच माणसाला आहे जो तिला शिव्या घालतोय. आणि काकांना खरं तर दोन्ही नको.

करंटवाला शहापूरकर:
ताई, हिशेब मान्य, पण अर्धाच. खडे बाजारात सकाळी नाकात जातो तो कार्बन डायऑक्साइड नव्हे. काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड जातात. रायचूरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो हे खरं, पण माझी गाडी शाळेच्या फाटकासमोर काही सोडत नाही. आणि गच्चीवर सोलर बसवला की तुमचे ७०० ग्रॅम कुठे राहिले?

उद्यमबागचा मिस्त्री:
रायचूरच्या माणसाला नाक नाही का?

करंटवाला शहापूरकर:
आहे. तिथलं धुराडं एक आहे, त्याला गाळणी बसवता येते, तपासता येते. शहरात हजारो नळकांडी फिरतात, त्यातल्या किती जणांनी गाळणीच काढून टाकलीय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

उद्यमबागचा मिस्त्री:
माहीत आहे. काढून देणारेही ओळखीचे आहेत. आणि एका पाहुण्यानं तर धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मारायला लागणारं युरियाचं पाणी महाग म्हणून खताच्या पोत्यातला निंबोळी लावलेला युरिया बादलीत कालवून टाकीत ओतला. तिथं साडेबत्तीस टक्क्यांचं शुद्ध द्रावण लागतं. नोझल चोंदलं, बिल बघून तो दोन दिवस जेवला नाही.

पण माझी पोटातली गोष्ट सांगतो. उद्यमबाग, मच्छे इकडच्या फाउंड्र्या बिडाच्या. इंजिनचे ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्टचं मशिनिंग यावर किती घरं चालतात. मोटरचं कवच ॲल्युमिनियमचं, आमची भट्टी वेगळी, पॅटर्न वेगळे. ट्रॅक्टर, पंप, ट्रक आहेत तोवर काम आहे हे कळतं. तरी ‘डिझेल मेलं’ असं कुणी हसत लिहिलं की राग येतो.

चोर्ल्याचा वाटसरू:
निपाणीच्या बाई, माझा हिशेब केलात, पण घाट विसरलात. बॅटरी घाटातच संपेल. भरलेली गाडी आहे, बाई.

निपाणीकरीण:
घाट तर तुमच्या बाजूनं आहे! तुम्ही भाजी भरून खाली जाता आणि रिकामे क्रेट घेऊन वर येता. तीन टनांची भरली गाडी साडेसातशे मीटर उतरते तेव्हा सहा युनिटांएवढी ताकद सुटते. डिझेलमध्ये ती इंजिनाच्या घरघरीत आणि ब्रेकच्या वासात जाते. मोटर उलटी फिरून तीन-साडेतीन युनिटं परत बॅटरीत घालू शकते. येताना पावणेदोन टनांची रिकामी गाडी चढवायला चार-साडेचार. म्हणजे घाटाचा खर्च जेमतेम युनिटभर. बेळगावहून भाजीऐवजी गोव्याहून मासळी भरून येत असता तर तुमचं खरं ठरलं असतं.

चोर्ल्याचा वाटसरू:
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरंच.
पण कागदावर उतार आहे, बँकेत चढच की. माझ्या पिकअपचे अजून २६ हप्ते आहेत. दीड टन माल घेऊन सव्वादोनशे किलोमीटर बिनधास्त करणारी करंटची गाडी माझ्या पैशात दाखवा. पणजीत माल उतरवताना तासभर चार्ज करीन, मला काय डिझेलच्या वासाची आवड नाही. जुलै-ऑगस्टचं काय ते सांगा आधी.

टिळकवाडीचा काका:
सगळं वाचलं. मिस्त्री, डिपस्टिक बघितली, पातळी खुणेच्या वर आहे. उद्याच येतो.

एक खरं सांगतो. मी डिझेल घेतलं ते सवयीनं. २०१२ला पेट्रोल-डिझेलमध्ये तीस रुपयांचा फरक होता, तेव्हा घेतलेली पहिली डिझेल गाडी सोन्यासारखी चालली. आता तो फरक दहा-बारा रुपयांवर आलाय, माझं फिरणंही कमी झालं, पण डोक्यात तोच भाव बसलेला. ताईंच्या हिशेबानं मी जुनी पेट्रोल घ्यावी किंवा सरळ स्कूटर. मुलगा ऐकणार नाही. त्यात आमच्या वीज कंपनीचा, हेस्कॉमचा, अजून एक तिढा. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत आमचं बिल शून्य येतं, महिन्याचा घरचा वापर १७०. गाडीची चाळीस युनिटं जोडली की २१०, योजनेच्या दोनशेच्या मर्यादेबाहेर, आणि मग दहाचं नाही, सगळ्या २१० युनिटांचं बिल.

करंटवाला शहापूरकर:
काका, गाडीसाठी वेगळा मीटर मागा. आणि तुमच्या हत्तरगीच्या वाऱ्या तरी सुटतील!

टिळकवाडीचा काका:
त्या वाऱ्यांना नावं ठेवू नका. बायको म्हणते, लग्नानंतर एवढं फिरवलं नव्हतं. आज सकाळी दिवा परत लागलाय. रविवारी सातला निघतोय, संकेश्वरला नाश्ता. कुणाला यायचं असेल तर मागची सीट रिकामी आहे.