२५ माणसांसाठी मॅश्ड पोटॅटो

मंडळी, नमस्कार.

पुढच्या शनिवारी सासरची-माहेरची मिळून २५ माणसं जेवायला आहेत. मुलांनी एकमुखाने मॅश्ड पोटॅटो मागितलाय. चौघांपुरता नेहमी करते, पण ५ किलो बटाटे म्हटले की सगळा अंदाजच बदलतो. उकडून इलेक्ट्रिक बीटरने एकदम फेटून टाकला तर चालेल का? आदल्या दिवशी करून ठेवता येईल का? शिवाय दोघांना दूध-लोणी चालत नाही. काकू, तुम्ही एवढ्या मोठ्या घराचं करता, जरा सांगाल का?

उत्तर:

अगं, बीटर नको, मिक्सर तर नकोच नको. शिजलेल्या बटाट्याच्या पेशींत फुगलेला स्टार्च असतो. पात्यांनी त्या पेशी फुटल्या की तो बाहेर येतो आणि बघता बघता सगळ्याची खळ होते. मग कितीही दूध घातलं तरी ती सुटत नाही. पुरणयंत्र असेल तर तेच काढ, त्यातून बटाटा दाबला जातो, फेटला जात नाही. नसेल तर साधा हातातला मॅशर.

माणशी २०० ग्रॅम धरलास ते ठीक आहे. बटाटा पिठूळ घे. रसेट, मॅरिस पायपर चांगले, युकॉन गोल्डही चालेल. मेणचट, कोवळे बटाटे यासाठी नकोत, ते नीट फुटत नाहीत आणि घोटत बसलं की चिकट होतात.

सगळे एका पातेल्यात कोंबू नकोस. तळाचे विरघळतात, वरचे कच्चे राहतात. दोन मोठी पातेली घे, तुकडे सारखे कर आणि गार पाण्यातच घालून गॅसवर चढव. पाण्यात लिटरला दोन छोटे चमचे मीठ. उकळी फुटल्यावर आच कमी कर. १५-२० मिनिटांनी सुरी सहज आरपार गेली की झालं.

आता खरं काम. पाणी पूर्ण निथळ आणि तुकडे परत त्याच पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलव. आधी भसाभस वाफ येते, मग ती कमी होते, तुकड्यांच्या कडा पांढुरक्या भुरभुरीत दिसतात आणि तळाला पातळसा थर धरतो. तेव्हा उतरव. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पांचट झाला म्हणून दुधाला दोष देतात!

गरम असतानाच थोडे थोडे करून दाब. आधी लोणी, मग दूध. लोणी आधी गेलं की स्निग्धपणा स्टार्चला धरून बसतो आणि पोत मऊ राहतो. एवढ्याला अर्धा किलो लोणी आणि पाऊण ते एक लिटर दूध लागेल. दूध गरम हवं आणि बेताबेताने घालायचं. मीठ शेवटी चाखून.

उत्तर:

काकूंच्या सांगण्यात एक भर घालतो. उकडण्याआधी तुकडे ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास ठेवून गार पाण्यात थंड केले, तर आतला स्टार्च घट्ट बसतो आणि दाबताना बटाटा फारसा चिकट होत नाही. बटाट्याचे वाळवलेले फ्लेक्स करणाऱ्या कारखान्यांतही असंच करतात. थर्मामीटर मात्र लागेल.

उत्तर:

दादा, युक्ती खरी आहे, पण ५ किलोला, तीही एकट्या बाईने? तिने नीट निथळून हाताने दाबले तरी पुरे.

आदल्या दिवशी चालेल गं. पसरट भांड्यांत थापून फ्रीजमध्ये ठेव, खोल पातेल्यात तो आतून लवकर गार होत नाही. दुसऱ्या दिवशी थोडं गरम दूध घालून, झाकून, मंद ओव्हनमध्ये पूर्ण गरम कर. मधून एकदा खालवर कर, घोटू नकोस. वाढेपर्यंत स्लो कुकर ‘वॉर्म’वर ठेव, ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नकोस.

आणि त्या दोघांचा वाटा लोणी पडायच्या आधीच वेगळा काढ. त्यात ऑलिव्ह ऑइल आणि बटाटे उकडलेलं पाणी घाल. ते पाणी वाटीभर आधीच बाजूला ठेव, निथळताना हमखास सिंकमध्ये जातं.

उत्तर:

काकू, दादा, खूप आभार! पुरणयंत्र माळ्यावरून काढलं. शुक्रवारी संध्याकाळी करून ठेवते. दुसरं मोठं पातेलं मात्र माझ्याकडे नाही. जवळपास कुणाकडे सात-आठ लिटरचं असेल तर कळवा, गुरुवारी येऊन घेऊन जाईन.