मदत हवी आहे: मंजिष्ठेचा अर्क वाढवला की डीपीपीएच इनहिबिशन (अर्क या जांभळ्या रॅडिकलचा रंग किती टक्के घालवतो, म्हणजे त्याची अँटिऑक्सिडंट ताकद) कमी का येतंय?

मंजिष्ठेच्या मुळांचा मेथॅनॉलमधला अर्क. १ मिली अर्क + १ मिली डीपीपीएच (०.१ मिलिमोलर), अंधारात ३० मिनिटं, शोषलेल्या प्रकाशाचं रीडिंग ५१७ नॅनोमीटरला. कंट्रोल (अर्काशिवाय) ०.५६. अर्क १०० मायक्रोग्रॅम/मिली घेतला तर ०.२१, म्हणजे ६२.५ टक्के, २०० घेतला तर ०.३३, म्हणजे जेमतेम ४१! व्हिटॅमिन सीचा ग्राफ व्यवस्थित येतो. डीपीपीएच खराब असेल का? याच अर्काचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) काढतानाही २९० ते ३०५ ला रीडिंग नुसतं नाचतंय.

खलबत्ता: डीपीपीएच ठीक आहे. १०० मिलीत ३.९४ मिग्रॅ घेऊन निम्मं पातळ केलं की ०.५-०.६ च्या आसपासच यायला हवं. घोळ रंगाचा आहे. मंजिष्ठेतली पर्प्युरिनसारखी लाल अँथ्राक्विनोन रंगद्रव्यं ५०० च्या आसपास प्रकाश शोषतात, म्हणजे तुमच्या ०.३३ मध्ये अर्काचा स्वतःचा रंगही मोजला गेलाय. व्हिटॅमिन सी बिनरंगी, म्हणून तिथे काही कळत नाही.

प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला वेगळा सॅम्पल ब्लँक लावा: १ मिली अर्क + १ मिली नुसतं मेथॅनॉल. तो समजा २०० ला ०.२२ आला, तर ०.३३ − ०.२२ = ०.११, आणि इनहिबिशन ८० टक्के. आयसी५० (५० टक्के इनहिबिशन देणारं कॉन्सन्ट्रेशन) साधारण २० ते ८० टक्क्यांमधल्या बिंदूंवरूनच काढा. आणि तुमचे २०० हे मिसळल्यावर १०० होतात; कोणता आकडा धरलाय ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. निम्मे वाद तिथेच होतात.

प्रश्नकर्ता: ब्लँक लावला. २०० ला ०.२० आहे, पण ४०० ला ०.४१.

निळी_बाटली: इतका मोठा ब्लँक वजा करून आलेल्या आकड्यावर माझा तरी भरवसा नाही. ४०० सोडून द्या आणि जोडीला एबीटीएस (अशीच दुसरी रॅडिकल चाचणी) करा. ते ७३४ ला वाचतात, तिथे हा लाल रंग आड येत नाही. ७ मिलिमोलर एबीटीएसमध्ये पोटॅशियम परसल्फेट शेवटी २.४५ मिलिमोलर होईल असं घाला, १२ ते १६ तास अंधारात ठेवा, मग ७३४ ला ०.७० येईपर्यंत पातळ करा.

एसपीएफसाठी क्युवेट (द्रावण ठेवायचं छोटं पारदर्शक पात्र) कोणता वापरताय? काचेचा असेल तर तिथेच अडलंय. साधी काच ३२० च्या खालचा बराचसा प्रकाश अडवते, डिटेक्टरपर्यंत काही पोचतच नाही. क्वार्ट्झचा घ्या, बेसलाइन त्याच सॉल्व्हंटवर. मग २९० ते ३२०, दर ५ नॅनोमीटरला रीडिंग आणि मन्सूरचं सूत्र (या रीडिंगवरून एसपीएफ काढायचं).

खलबत्ता: मन्सूरचा आकडा द्रावणाचा असतो, क्रीमचा नव्हे. अर्क क्रीममध्ये घातल्यावर पुन्हा मोजावं लागेल. आणि डीपीपीएचवरून 'त्वचेचं संरक्षण होतं' असं कृपया लिहू नका. ते रॅडिकल त्वचेत नसतंच.