मदत हवी आहे: म्युझिक व्हिडिओ आणि जाहिरातीचं विश्लेषण, वर्णनाच्या पुढे गाडी सरकत नाही

निळी शाई

नमस्कार मंडळी. माध्यम अभ्यासाच्या पेपरसाठी एक म्युझिक व्हिडिओ आणि एक जाहिरात निवडून दोन्हींची माध्यमभाषा (कॅमेरा, रंग, आवाज यांतून अर्थ कसा तयार होतो) आणि रेप्रेझेंटेशन (माणसं कशी दाखवली आहेत) यावर तुलनात्मक निबंध लिहायचा आहे. शब्दमर्यादा १५००. पहिला खर्डा बाईंना दाखवला, तर समासात एवढंच लिहून परत आला: 'हे वर्णन झालं. विश्लेषण कुठे आहे?'

सबमिशन असल्यामुळे नावं देत नाही, पण मजकूर सांगते. व्हिडिओत गायिका रिकाम्या पार्किंगमध्ये आहे. अंगात लाल जॅकेट, मागे काळ्या कपड्यांतले पुरुष डान्सर. गाणं 'मला कुणाची गरज नाही' या छापाचं. बहुतेक वेळ ती थेट कॅमेऱ्यात बघत गाते. जाहिरात वॉशिंग मशीनची, ४० सेकंदांची. बाबा कपडे धुतात, साबणाच्या फेसात माखतात, मुलं हसतात, आई ऑफिसमधून येते, एक बटण दाबते, सगळं सुरळीत. शेवटी पॅक शॉट, म्हणजे फक्त मशीन दाखवणारा शॉट, आणि पुरुषाच्या आवाजात टॅगलाइन.

माझ्या खर्ड्यातला नमुना: 'गायिकेने लाल जॅकेट घातले आहे. लाल रंग शक्तीचे प्रतीक आहे. लो अँगलमुळे (कॅमेरा खालून असल्याने) ती सामर्थ्यवान भासते. यातून स्त्रीचे सक्षमीकरण दिसते. जाहिरातीत पुरुष घरकाम करतो, म्हणून तीही पुरोगामी आहे.'

यात नक्की काय कमी पडतंय? आणि व्हिडिओच्या बाबतीत 'मेल गेझ' (बाईला पुरुषाच्या नजरेतून बघण्याची वस्तू करणं) म्हणायचं की सक्षमीकरण? दोन्हीला पुरावे आहेत असं वाटतं आणि तिथेच अडकले आहे.

चौकट

'लाल म्हणजे शक्ती' हे वाक्य उचलून कुठल्याही व्हिडिओला चिकटवता येतं, अडचण तिथे आहे. लाल म्हणजे धोका, सेलची पाटी, लग्न, रक्त, काहीही. इथे कुठला अर्थ हे आजूबाजूच्या गोष्टी ठरवतात.

सोपी युक्ती आहे, चिन्हमीमांसेत (चिन्हांना अर्थ कसा येतो याच्या अभ्यासात) तिला कम्युटेशन टेस्ट म्हणतात. एकच घटक मनातल्या मनात बदला आणि अर्थ कुठे हलतो ते बघा. जॅकेट राखाडी करा. गायिका सिमेंटच्या खांबांत आणि काळ्या कपड्यांत विरून जाईल. म्हणजे या फ्रेममध्ये लाल रंगाचं पहिलं काम शक्ती दाखवणं नाहीच, तिला बाकीच्यांपासून वेगळं काढणं आहे. आता डान्सर बदला, पुरुषांच्या जागी बायका आणा. ती टोळीची म्होरकी वाटायला लागेल. पुरुष असताना तसंच वाटतं का, की ती मधे ठेवलेली वस्तू वाटते? याचं उत्तर डान्सर कुठे बघतात त्यात आहे. ते तिच्याकडे बघत असतील तर एक, तिच्यासारखेच समोर बघत असतील तर अगदी दुसरं. तुमच्या पोस्टमध्ये नेमकं हेच नाही.

जाहिरातींच्या बाबतीत फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थचा १९६४ चा पान्झानी पास्त्यावरचा लेख जरूर वाचा. चित्र साधंच आहे: जाळीची अर्धवट उघडी पिशवी आणि तिच्यातून बाहेर आलेली पास्त्याची पाकिटं, डबा, टोमॅटो, मिरची. अर्धवट उघडी पिशवी म्हणजे नुकतंच बाजारातून आलेलं ताजं सामान. टोमॅटो-मिरचीचे रंग आणि ब्रँडचं नाव मिळून 'इटालियनपणा'. आणि खरी मेख पुढे आहे. बार्थ म्हणतो की नावातला हा इटालियनपणा फ्रेंच प्रेक्षकाला जाणवतो, खुद्द इटालियन माणसाला फारसा जाणवणार नाही. अर्थ चित्रात जेवढा असतो तेवढाच बघणाऱ्याच्या डोक्यातही असतो, त्यामुळे 'कुणासाठी' हे लिहिल्याशिवाय परिच्छेद संपवू नका.

शंकासुर

थोडं खडूस बोलतो, राग नसावा. कपडेपटात लाल जॅकेट मापाचं मिळालं म्हणून घातलं असेल! दिग्दर्शकाच्या मनात जे नव्हतं ते शोधून काढायचं आणि मार्क मिळवायचे, असला हा विषय आहे.

कॅसेट

शंकासुर, जॅकेट योगायोगाने मिळालं असेलही. पण एडिट टेबलावर पन्नास शॉटमधून तोच शॉट ठेवला गेला, ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शेवटी रंग ठरवताना, बाकीचं सगळं फिकं करून लाल तेवढं ठेवलं गेलं, ते योगायोगाने होत नाही. जाहिरातीत तर अजिबातच नाही. तिथे स्टोरीबोर्ड क्लायंटकडून पास होतो आणि एकेक सेकंदावर भांडणं होतात. शिवाय हेतू काहीही असो, पडद्यावर जे आलं त्याचा परिणाम होतोच.

निळी शाई, आता मेल गेझ. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्हीने ती कल्पना १९७५ मध्ये मांडली ती हॉलिवुडच्या कथापटांसाठी. तिथे बाई बघितली जाते आणि बघणारा बहुधा कथेतला पुरुष असतो, प्रेक्षक त्याच्या डोळ्यांत बसतो. म्युझिक व्हिडिओत असा कथेतला पुरुष अनेकदा नसतोच आणि गायिका उलट बघते. दृश्यभाषेचे अभ्यासक क्रेस आणि व्हान ल्यूवेन थेट कॅमेऱ्यात बघण्याला 'मागणी' म्हणतात: ती व्यक्ती प्रेक्षकाकडून काहीतरी मागते. नजर दुसरीकडे असेल तर तो 'देकार', म्हणजे निवांत बघत बसा. म्हणून मल्व्ही जशीच्या तशी चिकटवू नका.

त्यापेक्षा एक काम करा. आवाज बंद करून व्हिडिओ बघा आणि ती कॅमेऱ्यात बघत *नाही* असे शॉट टिपून काढा. मग आवाज लावून ते गाण्यात कुठे पडतात ते बघा.

निळी शाई

केलं! मजा आली. गाताना ती कायम समोर बघते. पण दोन कडव्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये, जिथे तिला गायचं नाही, तिथे कॅमेरा टाचांपासून हळूहळू वर चढतो आणि चेहरा यायच्या आत कट होतो. असं दोन्ही इंटरल्यूडमध्ये आहे. डान्सर तेव्हा तिच्याकडे बघतात, एरवी समोर.

कॅसेट

झालं की तुमचं काम! आवाज असेतो नजर तिची, आवाज थांबला की ती तुकड्यांत दिसते. म्युझिक व्हिडिओंचा अभ्यासक अँड्र्यू गुडविनने १९९२ मध्ये शब्द आणि दृश्य यांचे तीन संबंध सांगितले: दृश्य शब्दांचं चित्र काढतं, शब्दांत भर घालतं किंवा शब्दांपासून फारकत घेतं. तुमच्या व्हिडिओत ओळींवर पहिला प्रकार आहे आणि इंटरल्यूडमध्ये तिसरा. 'मेल गेझ की सक्षमीकरण' यातलं एक निवडायची गरज उरली नाही, एकाच व्हिडिओत दोन्ही कुठे आणि कधी येतात हाच तुमचा मुद्दा. गुडविन हेही नोंदवतो की कलाकाराचे क्लोजअप ही रेकॉर्ड कंपनीची मागणी असते, चेहरा विकायचा असतो. त्यामुळे चेहरा येण्याआधीचा तो कट जास्तच खटकायला हवा.

मागची पंगत

जाहिरातीकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते. 'पुरुष घरकाम करतो, म्हणून पुरोगामी' इथे मी थांबणार नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने जाहिरातींतल्या स्त्री-पुरुषांचा अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९७९ चं. बायकांच्या मानलेल्या कामात पुरुष दाखवायची वेळ आली की जाहिरात काय करते? त्याला नुसता उभा ठेवते, नाहीतर पोरकट, हास्यास्पद करते, नाहीतर काम येणाऱ्या बाईच्या देखरेखीखाली ठेवते. तुमचे फेसात माखलेले बाबा आणि बटण दाबणारी आई हे त्याने जणू बघूनच लिहिलंय.

इथेही अदलाबदल करून बघा. आई फेसात माखली आहे आणि बाबा येऊन बटण दाबतात. हसू येईल का? मला तरी येणार नाही, चीड येईल. म्हणजे बाबांचं हसं होऊ शकतं कारण हे काम 'त्यांचं नाही' हे जाहिरातीने आधीच धरलंय. आणि आई ऑफिसमधून दमून आली तरी काम शेवटी तिच्याच हाताने पुरं होतं. त्यावर शेवटचा शब्द पुरुषाच्या आवाजात. ती टॅगलाइन बाईच्या आवाजात ऐकून बघा, 'मशीन छान आहे' याऐवजी 'मीच करते शेवटी' असं ऐकू येईल.

शंकासुर

हे मात्र पटलं. पण आमच्या घरी ही जाहिरात सगळ्यांना गोड वाटेल. मग आम्ही चुकीचं बघतोय?

मागची पंगत

नाही. माध्यम-संस्कृतीचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये यावरच लिहिलंय. पाठवणाऱ्याने जो अर्थ भरला तो काही जण तसाच घेतात, काही जण घासाघीस करून घेतात, काही जण साफ उलटा घेतात. 'बाबा गोड आहेत, पण एवढं साधं बटण कळू नये?' ही मधली घासाघीस. निबंधात हे वाचन कोण करेल ते लिहिलंत तर शंकासुर यांच्या घरालाही जागा मिळेल.

निळी शाई

मंडळी, खूप आभार. व्हिडिओचा परिच्छेद नव्याने लिहिलाय, जरा बघाल का?

'गाताना गायिका सातत्याने कॅमेऱ्यात पाहते आणि लाल जॅकेट तिला करड्या पार्श्वभूमीपासून व काळ्या कपड्यांतील डान्सरपासून वेगळे करते. मात्र दोन्ही इंटरल्यूडमध्ये, तिचा आवाज नसताना, कॅमेरा तिच्या शरीरावरून वर सरकतो, चेहऱ्याआधी कट होतो आणि डान्सरच्या नजरा तिच्याकडे वळतात. स्वावलंबनाचा दावा शब्दांत टिकतो, शब्द थांबताच दृश्य त्यापासून फारकत घेते.'

आणि एक शंका: प्रत्येक शॉटची वेळ मिनिट-सेकंदात द्यावी का?

चौकट

परिच्छेद झकास. 'फारकत घेते' नंतर एक ओळ हवी: कुणासाठी? फॅन म्हणून बघणाऱ्या मुलीला तो शॉट कसा दिसेल आणि डान्सरच्या जागी स्वतःला ठेवणाऱ्याला कसा? वेळ फक्त दोन इंटरल्यूडची द्या, बाईंना तोच शॉट काढून बघता आला पाहिजे. बाकी ठिकाणी 'पहिल्या कडव्यात' वगैरे पुरे, नाहीतर १५०० शब्दांतले शंभर आकड्यांतच जातील.