डिसेंबर सोडून जा

‘बेळगावात आठ खोल्यांच्या हॉटेलाला एवढे पैसे मोजण्यापेक्षा स्टँडजवळचा लॉज बरा’ असं इथे एकाने लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. नुसतं झोपायचं असेल तर लॉजच बरा. पण गेल्या जुलैत बहिणीच्या घरी रंगकाम चालू होतं म्हणून आम्ही दोघं कॅम्पातल्या अशाच एका जुन्या कौलारू बंगल्यात दोन रात्री राहिलो. (गावात माहेर असून हॉटेलात, यावर आईचं बोलणं अजून चालू आहे.) रात्रभर कौलांवर पाऊस, सकाळी व्हरांड्यात फिल्टर कॉफी आणि बशीत चमचाभर कुंदा, बेळगावची दुधाची मिठाई. मॅनेजर मराठीत सुरुवात करून कन्नडमध्ये संपवायचा, मधेच ‘आणखी घ्या की ओ’. टॉवेल मात्र दोन्ही दिवस दमट. बेळगावच्या पावसापुढे चैनीचं काही चालत नाही.

भाड्याबद्दल इथे कुणी एक गोष्ट लिहिली नाही. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध ही विधिमंडळाची इमारत झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात तिथे भरतं. तेव्हा आमदार, अधिकारी, पत्रकार सगळे गावात. चांगल्या खोल्या आधीच गेलेल्या असतात. तारखा बघूनच बुकिंग करा. आणि एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, खालीच राहिलं तर ५. आम्हाला सांगितलेलं भाडं ७,८०० होतं. नवऱ्याने घासाघीस करून ७,४०० वर आणलं.