मदत हवी आहे: पोरीसाठी जुना रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं तिरंदाजीचं धनुष्य) घ्यावा का?

मंडळी, मुलगी १३ वर्षांची, उंची ५ फूट १ इंच, ड्रॉ लेन्थ (दोरी ओढायची लांबी) २६ इंच, चार महिने क्लबच्या लाकडी धनुष्यावर शिकतेय, आता सर म्हणाले रिकर्व्ह बघा. (आम्ही साताऱ्याचे, अदिती स्वामीने २०२३ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकल्यापासून इथे सगळ्यांनाच तिरंदाजीचं वेड लागलंय.) बजेट ३० हजार, त्यात बाण, आर्मगार्ड, टॅब (बोटांना दोरी लागू नये म्हणूनचं कातडं) सगळं बसवायचंय.

ओळखीतल्या एकाकडे जुना सेट आहे, २५ इंची आयएलएफ (लिंब्स बदलता येणाऱ्या स्टँडर्ड जोडणीचा) रायझर, म्हणजे मधली मूठ, आणि मीडियम (मध्यम लांबीचे) लिंब्स, म्हणजे वरखालचे वाकणारे हात, ओढायचा जोर ३४ पाउंड, १८ हजार सांगतोय. ३४ हे २८ इंच ओढल्यावरचं, म्हणजे हिच्या २६ ला साधारण ३० पडेल, लिंब्सचे बोल्ट सैल केले तरी २७-२८ च्या खाली काही जाणार नाही, आणि ती सध्या आरामात २० ओढते, २४ ला खांदा कानाजवळ जातो. शिवाय लिंबच्या कडेवरून कापूस फिरवून बघितला तर वरच्या लिंबच्या टोकाजवळ धागे अडकले, म्हणजे तिथे चिरलंय बहुतेक. त्यामुळे लिंब्स नकोतच. रायझर मात्र सरळ वाटला. उजव्या हाताचा आहे, हिचा नेमाचा (प्रबळ) डोळाही उजवाच, तपासलंय.

मग नुसता रायझर मागून त्याला नवीन २० पाउंडचे शॉर्ट लिंब्स लावावेत, की वजनाला हलका म्हणून २३ इंची रायझर नवीनच घेऊन त्याला मीडियम लिंब्स लावावेत? दोन्हीकडे धनुष्य ६६ इंचीच होतंय. आणि जुन्या रायझरचे किती द्यावेत?