मे महिन्यात कॅम्पर घेऊन खान्देशात? जरूर या, पण वेळापत्रक ऊन बघून ठेवा

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून तुम्ही दोघं मेमध्ये धुळे-नंदुरबारकडे निघताय आणि गाडी तापेल का, असं विचारलंय. तापेल. इथे पारा 44-45 अंशांवर जातो. पहाटे निघा, दहाच्या आत सावलीला लागा.

आमचा कूलंटचा पाईप क्लिपपाशी चिरला, बॉनेटखालून हिरवं पाणी ठिबकायला लागलं. धुळ्याच्या मेकॅनिकने इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हातच लावू दिला नाही. मग चिरलेलं टोक कापलं, उरलेला पाईप ओढून नवी क्लिप आवळली. त्याच पाईपावर घरी पोचलो. तरी एक जादा पाईप, फॅनबेल्ट आणि कूलंट जवळ ठेवाच. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर हायवे धुळ्यातच एकमेकांना छेदतात, त्यामुळे मोठ्या गाड्यांचे कारागीर तिथे सहज भेटतात. शहाद्याच्या पुढे ती खात्री नाही.

मुक्काम तोरणमाळलाच करा. हजार मीटरहून जास्त उंची, यशवंत तलाव, रात्री खिडक्या उघड्या ठेवून झोप लागते. घाट चढताना एसी बंद, उतरताना खालचा गिअर; नुसत्या ब्रेकवर उतरू नका. उनपदेवचे गरम झरे मात्र हिवाळ्यासाठी ठेवा. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला सकाळीच जा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला होता, हे शिलालेखातून कळतं. माझ्या मते चाळीसगावकडे वळायला एवढं कारण पुरे.

आणि जमलं तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास या. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस मिळेल.