६० सेंटिमीटरच्या टाकीत नेमके किती मासे?

नवी_टाकी
टाकी ६० × ३० × ३६ सेंमी. तळाशी ५ सेंमी बारीक वाळू, मागे टांगायचा फिल्टर (ताशी ३०० लिटर), हीटर २६ अंशांवर. पाणी भरून आठ दिवस झालेत आणि ते अगदी नितळ आहे. यादी अशी: निऑन टेट्रा १०, गप्पी ६ (नर-मादी मिळून), एंजल २, गोल्डफिश २, काच साफ ठेवायला सकर १. 'गॅलनला एक इंच मासा' या हिशेबाने टाकी १७ गॅलनची आणि मासे २१, सगळे सध्या इंचभराचे. म्हणजे फार तर चार जास्त होतात. चालेल का?

तळगाळ
आधी गॅलन दुरुस्त करू. १७ गॅलन हे रिकाम्या टाकीचं माप झालं. ५ सेंमी वाळूत गेले, वर ४ सेंमी मोकळे सोडले, की पाणी उरतं २७ सेंमी. ६० × ३० × २७ म्हणजे सुमारे ४८.६ लिटर, १३ गॅलनही नाही. दगड-लाकूड ठेवलंत तर आणखी कमी.

दुसरं, इंच मोजायचे ते पूर्ण वाढलेल्या माशाचे. आणि तरीही तो नियम लहान, सडपातळ माशांपुरताच ठीक आहे. मासा लांबीने चौपट झाला की वजनाने साधारण ६४ पट होतो, आणि घाण लांबीवर नाही, खाण्यावर ठरते.

आता यादी. साधा सकर (प्लेको) ३० सेंमीच्या पुढे जातो. तो काच जेवढी साफ करतो त्याच्या कितीतरी पट विष्ठा करतो, तेव्हा सफाई कामगार म्हणून आणू नका. गोल्डफिश २० सेंमीपर्यंत वाढतो आणि त्याला थंड पाणी मानवतं, २६ अंशांचं नाही. एंजलची उंची परांसकट २० सेंमीच्या घरात जाते. तुमच्याकडे पाणीच २७ सेंमी आहे, शिवाय मोठा एंजल निऑन गिळतो. गप्पी नर-मादी एकत्र ठेवले तर महिन्याला पिल्लं, आणि मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे नंतर नर काढूनही पिल्लं थांबत नाहीत. एवढं वगळून जे उरतं त्यावर बोलू.

काचघर
यादीच्या आधीचा प्रश्न: टाकी मुरली आहे का, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात बसलेत का? आठ दिवसांत नाही मुरत. नितळ पाणी आणि सुरक्षित पाणी यांचा संबंध नाही, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया येतो, एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला चार ते सहा आठवडे घेतात. मासे न सोडता करायचं तर ५० लिटरला सुमारे ०.३ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड टाका, म्हणजे अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. फिल्टर रात्रंदिवस चालू. अमोनिया खाली आला की पुन्हा तेवढाच डोस. डोस दिल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि मासे सोडा.

पीएचही पाहा. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. आकडा तोच, धोका दहापट.

नवी_टाकी
समजलं. एंजल, गोल्डफिश, सकर रद्द. निऑन १० आणि नर गप्पी ५ ठेवले तर? आणि दुप्पट ताकदीचा फिल्टर लावला तर आणखी काही बसतील का?

तळगाळ
निऑनला मऊ (कमी क्षारांचं) पाणी, गप्पीला कठीण (जास्त क्षारांचं). दोन्ही तग धरतात, पण एकाला कायम तडजोड करावी लागते. नळाचं पाणी तपासा आणि एकच निवडा. मऊ असेल तर: निऑन १०, पिग्मी कोरिडोरास ६, हनी गुरामी १. हीटर २५ वर. कठीण असेल तर फक्त नर गप्पी ७-८.

शेवाळपुराण
फिल्टरबद्दल: मोठा फिल्टर अमोनिया लवकर संपवेल, पण नायट्रेट काढणार नाही. ते जातं पाणी बदलून, काही प्रमाणात झाडांत. म्हणून टाकीची मर्यादा फिल्टरवर नाही, तुमच्या बादलीवर ठरते. (शिवाय जोरदार प्रवाहात गुरामी कोपऱ्यात दडून बसते.)

हे मोजता येतं. पाणी बदलल्यावर लगेच नायट्रेट तपासा, सात दिवसांनी पुन्हा. समजा आठवड्याला १० पीपीएम वाढलं. नळाच्या पाण्यात नायट्रेट नसेल आणि दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलत असाल तर आकडा चढत चढत ४० वर स्थिरावेल, ५० टक्के बदललंत तर २० वर. वाढ भागिले बदललेला हिस्सा, एवढंच गणित. मला २० च्या वर जाणारी टाकी भरलेली वाटते, मग मासे सहा असोत की सोळा.

पंधरा दिवस बाहेर जाणार असाल तेव्हाचाही विचार याच हिशेबात करा.

काचघर
एकाच दिवशी सगळे मासे सोडू नका. आधी निऑन, दोन-तीन आठवड्यांनी कोरिडोरास, शेवटी गुरामी. प्रत्येक वेळी पुढचे आठ दिवस एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट तपासा. ०.२५ पीपीएम दिसलं की खाणं थांबवा, त्याच दिवशी ३० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढून टाकलेलं आणि त्याच तापमानाचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळला की पुरे. नळाखाली धुतलेल्या स्पंजमुळे व्यवस्थित मुरलेली टाकीसुद्धा पुन्हा कच्ची होते, आणि मग दोष 'मासे जास्त झाले' यावर जातो.

मासे पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी पडतोय. रात्री झाडंही तो वापरतात, आणि पाणी तापलं की त्यात मावतोही कमी: २५ अंशांना लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६. पाण्याची पातळी दोन सेंमी खाली आणा, फिल्टरची धार वरून पडून पृष्ठभाग हलेल.

शेवाळपुराण
सकरऐवजी काचेसाठी काही हवंच असेल तर दोन नेराइट गोगलगायी. त्यांची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत, त्यामुळे संख्या वाढत नाही, फक्त पांढरे ठिपके काचेला आणि लाकडाला चिकटून राहतात. त्याआधी दिवा सात तासांवर आणून बघा, बहुतेक तेवढ्यानेच भागेल.